आम्ही गृहीत धरलेली माणसं

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम सध्या सुनंदा बघते. तिचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये गळका नळ घेऊन बसलो होतो.

"काका, आख्खं आयुष्य तेलाच्या धंद्यात काढलंत. मजेदार किस्से लिहा ना. आणि शेवटी तो तुमचा फेमस किस्सा टाका. वॉशिंग्टनवाल्यांना तुम्ही तोंडावर सांगितलंत ना, की हे जमणार नाही म्हणून? एकदम पॉवरफुल एंडिंग होईल, यार. सॉरी, काका."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो नाही हं. दिवाळीच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार आहे. फ्लायरपण गेलाय सगळ्या ग्रुप्सवर."

तो फ्लायर फिरत फिरत दुसऱ्या राज्यातल्या अ‍ॅशबर्नला पोचला आणि तिथून एक बाई गाडी चालवत आमच्या मॉरिसव्हिलच्या घरी आली. तिचं नाव रुखसाना. तिचे वडील महमूद सारंग हे दापोलीजवळच्या हर्णैचे. आखातातल्या एका तेलक्षेत्रावर ते काम करत होते आणि तिथेच गेले. गावात आजही त्यांना गद्दार म्हणतात. ते गद्दार नव्हते हे स्वतःच्या माहितीवरून सांगू शकेल असा मी एकटाच आता जिवंत आहे. म्हणून किस्से सांगतो, पण सुनंदानं मागितले तसे नाहीत. मी वॉशिंग्टनवाल्यांना नाही म्हणालो नव्हतो.

ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आखाती देशांनी अमेरिकेला तेल देणं बंद केलं, त्या तेलबंदीच्या हिवाळ्यात इथे पेट्रोलपंपांवर गाड्यांच्या रांगा लागत. कचेऱ्यांमध्ये आम्ही कोट घालून काम करायचो, कारण हीटर कमी ठेवायचा हुकूम होता. बोलणी फिसकटली. मग वसंत ऋतूत एका सकाळी इथलं सैन्य आखातातल्या एका छोट्या देशात उतरलं आणि त्यानं तिथल्या विहिरी ताब्यात घेतल्या. कित्येक वर्षं त्या सोडल्या नाहीत. शाळेच्या पुस्तकांत आता त्याला 'पुरवठा पूर्ववत करणं' म्हणतात. रांगा संपल्या, पेट्रोल स्वस्त झालं, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पहिली मोठी गाडी त्याच दिवसांत घेतली. मीही घेतली. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तेव्हा गुप्ततेच्या एका कागदावर सही केली होती आणि तिची भीती अजून पूर्ण गेलेली नाही.

आता धंद्याविषयी. जमिनीखाली तेलाचं तळं असतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असतं, ओल्या विटेत पाणी असतं तसं. वरच्या थरांचा दाब त्याला ढकलतो आणि आपण भोक पाडलं की ते वर येतं. किती येईल, किती वर्षं येईल, कधी त्यात पाणी मिसळेल, हे सांगणं माझं काम. म्हणजे जे कधी कुणी पाहणार नाही त्याविषयी खात्रीनं बोलायचं. सुधा, माझी बायको, म्हणायची, "ज्योतिषीच की तुम्ही लोक. फक्त टाय घालता."

ज्योतिष्यापेक्षा आम्ही एका बाबतीत हुशार. आम्ही कधीच एक आकडा सांगत नाही. तीन सांगतो: कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त. आणि तिन्हींच्या खाली गृहीतकं लिहितो. दाब अमुक राहील असं गृहीत धरलं आहे, पंप बंद पडणार नाहीत असं गृहीत धरलं आहे. उद्या काही चुकलं तर आम्ही त्या ओळीवर बोट ठेवून मोकळे. गृहीतक हे आमच्या धंद्याचं चिलखत.

ह्यूस्टनला नोकरीला लागलो तेव्हा मला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते म्हणजे एक टेक्सन विधवा. तिच्या कुरणात एकुलती एक विहीर होती. मी तीन आकडे आणि पानभर गृहीतकं घेऊन गेलो. बाईंनी मला घरी भाजलेला अ‍ॅपल पाय खायला घातला, आकडे ऐकले आणि म्हणाल्या, "पोरा, मी तुला तीन पाय वाढले का? एकच वाढला ना? मग मलाही एकच आकडा सांग." मी मधला सांगितला. त्यांनी गृहीतकांचा कागद घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. विहीर पुढच्याच वर्षी आटली. बाई फोनवर म्हणाल्या, "तुझा आकडा खोटा निघाला, पण टेबल हलत नाही बघ."

हा किस्सा मी शेकडो पार्ट्यांमध्ये सांगितलाय. लोक हसतात. गृहीतकांचा कागद सगळेच असा टेबलाखाली घालत नाहीत. काही लोक तो फार लक्ष देऊन वाचतात. ते कळायला मला थोडा वेळ लागला.

तेलबंदीच्या आदल्या वर्षी विहिरींचे दाब मोजायला कंपनीनं मला एक हिवाळा आखातात पाठवलं होतं. पंचवीसेक विहिरींचं तेल नळांमधून एका ठिकाणी येतं, तिथे त्यातला गॅस आणि खारं पाणी वेगळं काढतात. त्या जागेला आम्ही स्टेशन म्हणतो. आमच्या स्टेशनचा सुपरवायझर होता महमूद. मी आडनाव सांगितलं तसा तो खुर्चीतून उठलाच.

"दामले? कुठले दामले?"

"मुरुडचे, दापोलीजवळच्या. पण मी वाढलो पुण्यात."

"मग तू मुरुडचा नाहीस. पुण्याचा आहेस. तरी बस. हर्णैच्या माणसासमोर मुरुडवाला उभा राहिला तर बरं दिसत नाही."

आठवड्याभरात मी दामलेसाहेबचा दामल्या झालो. विहिरीच्या तोंडावर एकावर एक बसवलेल्या चाव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हांचा, उंच सांगाडा असतो. गोरे इंजिनियर त्याला ख्रिसमसचं झाड म्हणतात. महमूद मला म्हणायचा, "हे तुमचं तुळशीवृंदावन. दाब मोजायच्या आधी प्रदक्षिणा घाल, म्हणजे आकडा बरोबर येईल." सुरमई मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातची खाल्ली. त्यानंतर तो मला सतत धमकावत असे, "जास्त शहाणपणा केलास तर तुझ्या आईला कळवीन." बढाईखोर होता, पत्त्यांत फसवायचा आणि हरला की नमाजाची वेळ झाली म्हणून उठायचा. एकदा मी घड्याळ दाखवलं. "तुझं घड्याळ पुण्याचं आहे," तो म्हणाला.

परक्या वाळवंटात आपल्या भाषेत शिव्या देणारा माणूस भेटणं म्हणजे काय, हे अमेरिकेत पहिल्या वर्षी एकट्यानं काढलेल्यांना सांगायला नको. त्याला एक लहान मुलगी होती. तिचं नाव घेताना तो आवाज उतरवून बोलायचा, जणू ती बाजूच्या खोलीत झोपली आहे.

मी ह्यूस्टनला परत आलो. तेलबंदी सुरू झाली. एके दिवशी माझा साहेब हॅरल्ड मला वरच्या मजल्यावर घेऊन गेला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "नुसतं इंजिनियरिंग आहे. समज वादळ आलं आणि एखादं तेलक्षेत्र बंद पडलं, तर ते पुन्हा चालू करायला किती वेळ लागेल? एवढंच."

खोलीत वॉशिंग्टनहून आलेला एक माणूस बसला होता. त्याचं नाव कुणी सांगितलं नाही. समोर नकाशा होता. मी हिवाळा काढला होता त्याच क्षेत्राचा. त्या वाळवंटात तेलक्षेत्र बंद पाडणारं वादळ येत नाही हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. कशाची तयारी चाललीये ते मला त्याच क्षणी कळलं. कळलं नव्हतं असं मी पुढे अनेकदा सांगितलंय. ते खोटं आहे.

मी माझे तीन आकडे सांगितले. तो माणूस म्हणाला, "आकडे मिळतील दुसरीकडेही. मला सांगा, सगळे नळ शाबूत असले, सगळ्या चाव्या जागेवर असल्या, तरीही अडेल असं काय आहे?"

इथे मला वाटलं, हीच वेळ. ह्यांना सांगू या की हे होणार नाही. आणि त्याबरोबरच, का लपवा, वाटलं की आपल्याला किती माहिती आहे हेही दाखवू या. दोन्ही एकदमच वाटलं. मी म्हणालो, "माणसं. नकाशे जुने आहेत. कुठली लाइन कुठे जोडली, कुठली विहीर हळू उघडावी लागते, हे स्टेशनवरच्या माणसांना माहीत असतं. ती पळाली तर तुमच्या हातात नुसतं लोखंड उरेल. माझा मधला आकडा ही माणसं कामावर हजर आहेत असं गृहीत धरून काढलाय."

"उदाहरण द्या," तो म्हणाला.

मी महमूदचं उदाहरण दिलं. नावानिशी, स्टेशनसकट. त्यानं एका आडमुठ्या विहिरीला कसं वळणावर आणलं तो किस्सा रंगवून सांगितला. तो माणूस हसला. त्यानं काही लिहून घेतलं नाही. त्यामुळे मला बरं वाटलं.

लिफ्टमध्ये हॅरल्ड म्हणाला, "छान केलंस. तू तर त्यांना पार थंडच केलंस."

मलाही तसंच वाटलं होतं. मी अडचण सांगितली होती आणि अडचण ऐकली की गिऱ्हाईक मागे फिरतं असा माझा अनुभव होता. पण आमच्यासाठी जे हात झटकणं असतं ते सैन्यासाठी करायचं काम असतं. माणसं हजर आहेत असं गृहीत धरलंय? ठीक आहे, मग ती हजर ठेवा. हा अर्थ मला घरी जाताना, हायवेवर, कधीतरी लागला. त्यानंतरचे आठवडे मी नीट जेवलो नाही. रेडिओ लावायची भीती वाटे आणि बंद ठेवायची त्याहून जास्त.

कंपनीच्या लाइनवरून स्टेशनला फोन करता यायचा. कामाचं निमित्त काढून मी एकदा केला. सुधा मला भेटायला म्हणून ऑफिसात आली होती, समोरच बसलेली.

"दामल्या!" तिकडून ओरडणं. "मेलास की काय वाटलं."

"महमूद, तू रजा कधी घेतोयस?"

"आंब्याला जाईन की. मे महिन्यात. मंजूर झालीये, तिकीटपण आहे. का रे?"

"आत्ता जा ना. कशाला थांबतोस? मुलगी लहान आहे."

"मुलगी मे महिन्यातपण लहानच असणार." मग त्याचा आवाज बदलला. "का रे? काही ऐकलंयस का तिकडे? इथे पण लोक कायकाय बोलतायत. तू मोठ्या लोकांत असतोस. खरं सांग."

टेबलाच्या खणात माझ्या सहीचा कागद होता. आमचं ग्रीनकार्ड यायचं होतं. सुधा माझ्याकडे बघत होती.

"नाही रे," मी म्हणालो. "मी काय ऐकणार? सहज म्हटलं."

"मग फोनचे पैसे कशाला घालवतोस कंपनीचे? सुरमईची आठवण आली असेल. ये इकडे."

पुढे कधीतरी सुधा मला म्हणाली, "सांगितलं असतंस तर काय झालं असतं? तुरुंगात टाकलं असतं. टाकू द्यायचं होतंस. आपण तेव्हा तरुण होतो." एवढ्या वर्षांत ती ह्या विषयावर एकदाच बोलली.

मी फोन केल्यानंतर थोड्याच दिवसांत सैन्य उतरलं. पळून जाताना तिथल्या लष्करानं काही विहिरींची तोंडं उडवली, काही तशीच राहिली. महिन्याभरानं पुन्हा चालू करायच्या कामासाठी आमच्या कंपनीची तुकडी गेली. त्यात मी होतो. नाही म्हणता आलं असतं. मी स्वतःला सांगितलं की महमूदला सोडवायला चाललोय.

स्टेशनभोवती काटेरी तार होती. जुन्या कामगारांना आत ठेवलं होतं. मारहाण नाही, जेवण बरं, डॉक्टरही होता. फक्त बाहेर जाता येत नव्हतं. मला बघून महमूद तारेपर्यंत धावत आला.

"आलास! मला माहीत होतं तू येशील. सांग ह्यांना, मला जाऊ द्या, माझी रजा मंजूर आहे. बाकीच्या तिन्ही स्टेशनांचे सुपरवायझर गेले, पहिल्याच आठवड्यात सोडलं त्यांना. मलाच म्हणतात तू नाही. का म्हणून? मी काय ह्यांच्या बापाचं खाल्लंय?" मग खालच्या आवाजात, "दामल्या, इथले लोक तारेपलीकडून बघतात ना, आणि थुंकतात. त्यांना वाटतं मी आपण होऊन करतोय. हर्णैची माणसं आहेत इथे बाजारात. घरी काय पोचेल?"

मी तिथल्या अधिकाऱ्याकडे गेलो. माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठा असेल, उन्हानं सोललेला. मी म्हणालो, ह्या माणसाला जाऊ द्या, त्याची रजा होती.

तो माझ्याकडे चकित होऊन बघत राहिला. "तुम्ही दामले ना? ह्याच्याशिवाय चालणार नाही असं तुम्हीच सांगितलंत. त्याचं नाव आम्हाला तुमच्याकडूनच आलंय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो बिचारा गोंधळला होता. मी म्हणायला हवं होतं की मी चुकलो, चालेल त्याच्याशिवाय. चालेल असं म्हटलं असतं तर माझा मधला आकडा खोटा ठरला असता आणि मी तिथे का आलोय ह्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. मी "ठीक आहे" म्हणालो आणि बाहेर आलो.

महमूदला सांगितलं, "थोडे दिवस थांब. बोललोय मी."

"काय म्हणाला?"

"बघतो म्हणाला."

"माझंच नाव कुठून मिळालं रे ह्यांना?"

"काय माहीत," मी म्हणालो.

त्यानंतरच्या आठवड्यात एक विहीर चालू करताना आग लागली. कुठल्याशा लाइनला बारीक भेग गेली होती. गॅस हवेपेक्षा जड, चरात साठत राहिला, कुणाच्या लक्षात आलं नाही. महमूद चावीपाशी होता, त्याच्याबरोबर दोन अमेरिकन शिपाई होते. तिघेही गेले. मी दुसऱ्या स्टेशनवर होतो. धूर दिसला तेव्हा मला कळलं होतं. जीपमध्ये बसून मी तरीही मनात गृहीतकं मांडत होतो: तो जेवायला गेला असेल, त्याची पाळी बदलली असेल.

परत आल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "मी आधीच बोललो होतो त्यांना, हे सोपं नाही." एवढंच. बाकी कहाणी मंडळानं वाढवली आणि मी वाढू दिली. पॉटलक डिनरला, गणपतीला, कुणी नवीन आलं की सांगत, "हे दामले. ह्यांनी तोंडावर सांगितलं होतं." मी मान हलवायचो, नम्रपणे.

रुखसाना आली त्या दिवशी मी फ्लायरबद्दलच काहीतरी विचारायला कुणी आलंय असं समजून दार उघडलं. साठीकडे झुकलेली, डोळ्यांची डॉक्टर, मुलीकडे अ‍ॅशबर्नला राहते. चहा घेतला नाही.

"काका, अम्मी म्हणायची, अब्बांचा तिकडे दामले म्हणून एक दोस्त होता. दामले तर किती असतात. पण फ्लायरवर तेलक्षेत्राचं वाचलं आणि म्हटलं ट्राय करू. तुम्हीच का ते?"

"हो," मी म्हणालो.

"मग मला एकच सांगा. ते का नाही आले? बाकीचे सगळे आले. गावात म्हणायचे, तुझ्या बापानं गोऱ्यांना नळ उघडून दिला. त्या कब्जानंतर आखातातून आपल्या लोकांना हाकललं ना, हर्णैची किती घरं बसली. राग कुणावर काढणार? माझ्या चाचांनी अब्बांचा फोटो भिंतीवरून काढला. शाळेत मी बापाचं नाव हळू सांगायचे. मी तुमच्याशी भांडायला नाही आले. चाचा पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. ते जायच्या आधी मला कळलं पाहिजे, ते आपण होऊन राहिले की नाही."

सुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथून हलली नाही.

मी सगळं सांगितलं. वरची खोली, फोन, तार, अधिकारी. क्रम चुकत होता. मधेच मला धंद्यातल्या गोष्टी समजावून सांगायची सवय आडवी येत होती. रुखसाना म्हणाली, "काका, विहिरीचं राहू दे. पुढे."

संपल्यावर मला वाटलं रडेल किंवा ओरडेल. तिनं पर्समधून फोन काढला.

"हे चाचांना सांगा. आत्ता. तिकडे सकाळ आहे. मी सांगितलं तर म्हणतील पोरगी बापाची बाजू घेते."

फोनच्या पडद्यावर पांढरी टोपी, दाट भुवया आणि मागे निळी भिंत दिसली. चाचांना, म्हणजे याकूबभाईंना, कमी ऐकू येतं, म्हणून मला ते सगळं ओरडून सांगावं लागलं. असल्या गोष्टी ओरडून सांगताना माणसाला कुठलाही शब्द मऊ करता येत नाही.

त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "त्याला यायचं होतं?"

"हो."

"तुम्हाला तसं बोलला?"

"तारेपाशी बोलला. जाऊ दे म्हणाला."

"तिथे एवढी माणसं होती. त्याचंच नाव का सांगितलंत?"

"माझी ओळख त्याच्याशी होती."

"म्हणजे ओळख नसती तर आला असता."

"हो," मी म्हणालो.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? पोलिसांची भीती?"

"आधी ती होती. नंतर लोक काय म्हणतील ह्याची."

याकूबभाईंनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि परत घातली. "आम्हालाही त्याचीच होती," ते म्हणाले. "मी त्याच्या नावानं एकदाही फातिहा दिली नाही, दुवा मागितली नाही. सख्खा भाऊ." मग पडद्याच्या अगदी जवळ आले, नुसता डोळा दिसायला लागला. "माफीबिफीचं माझ्याकडे मागू नका, ते देणारा मी नव्हे. छापा हे. मराठीत छापा. जुम्म्याच्या नमाजानंतर वाचून घेईन सगळ्यांसमोर. त्याचं नाव पुरं घाला. तुमचंही."

सुनंदाला मी सत्कार कॅन्सल करायला सांगितलं. ती गोंधळली. "काका, हॉल बुक झालाय. आणि हे एवढं सगळं छापायचं? लोकांना दिवाळीत काहीतरी लाइट हवं असतं." मी म्हणालो, वाटलं तर टेक्सन बाईचा किस्सा मोठा कर, बाकीचं काप, पण शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा, जरा मोठ्या अक्षरांत घे. तो हर्णैत मोठ्यानं वाचला जायचा आहे. आता ती घेते की नाही ह्याच काळजीत मी आहे. रुखसाना रोज विचारते. याकूबभाईंना परवा दवाखान्यात नेलं होतं.

हर्णैचे महमूद इस्माईल सारंग आखातात स्वखुशीनं राहिले नव्हते. त्यांची रजा मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं आणि त्यांना घरी यायचं होतं. त्यांच्याशिवाय तेल निघणार नाही असं मी, मुरुडचा अनंत गोविंद दामले, त्यांचं नाव घेऊन सांगितलं, म्हणून त्यांना तारेच्या आत ठेवलं गेलं. मला जाऊ दे, असं त्यांनी माझ्याजवळ म्हटलं. मी अधिकाऱ्याला एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.